चरबीची गाठ

अक्काच्या छातीत डावीकडं गाठ हाताला लागली तेव्हा ती उदगीरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. दाजींनी तिला तपासणीला लातूरला न्यायचं सोडून ओळखीच्या एका वैद्याकडं नेलं. त्यानं गाठ दाबून पाहिली आणि सांगितलं, "चरबीची हाय. तेल-तूप बंद करा, आपोआप विरघळती."

मी त्या वेळी नांदेडला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होते. फोनवर म्हणाले, "अक्का, सुई घालून तपासून घे."

"हे म्हणतेत, सुई टोचली की गाठ पसरती. वैद्यानंच सांगितलंय त्यांना."

मग दाजींनीच फोन घेतला. "पुस्तकं वाचून कुणी डाक्टर होत नसतंय," म्हणाले आणि ठेवून दिला.

सात-आठ महिने अक्का कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी खाऊन राहिली. शेंगदाण्याची चटणीसुद्धा तिला बंद. अंग वाळत गेलं, गाठ मात्र लिंबाएवढी झाली. शेवटी मीच तिला लातूरला नेलं. स्तनाचा कर्करोग निघाला, तोवर तो यकृतात पोचला होता. चार महिन्यांत ती गेली.

पीएच.डी.ला मी मुद्दाम तोच विषय घेतला. मुलाखतीत जिज्ञासा वगैरे बोलले, पण खरं कारण राग होता. शिकता शिकता कळलं की स्तनातल्या गाठीच्या आजूबाजूला चरबीच्या पेशी असतातच. कर्करोगाची पेशी त्यांच्याकडून चरबी ओढून घेते, ती जाळून बळ मिळवते, नव्या पेशींची आवरणं तिच्यातूनच बांधते. शिवाय साखरेपासून स्वतःसाठी चरबी तयारही करते. म्हणजे अक्काच्या ताटातलं तूप काढून गाठीचं काहीच अडलं नव्हतं. उपाशी राहिली ती अक्का.

प्रयोगशाळेत मी काचेच्या थाळीत तसल्या पेशी वाढवल्या आणि त्यांची चरबी बनवण्याची वाट औषधानं बंद केली. सूक्ष्मदर्शकाखाली चरबीचे लाल रंगवलेले थेंब कमी झालेले दिसले. पेशी आकसून तळापासून सुटत होत्या. मी एकटीच होते, मोठ्यानं हसले. काही पेशी मात्र तगल्या. त्या आता भोवतालच्या द्रवातली चरबी घेऊन जगत होत्या. मी तीही वाट अडवली. मग आणखी मेल्या. तरी माझं मन भरेना. मला तो माणूस पाहिजे होता.

वैद्यानं देगलूरला नवा दवाखाना थाटल्याचं कळलं. अक्काचा रिपोर्ट घेऊन मी तिथं गेले आणि बाकावर बसलेल्या सहा-सात बायांसमोर तो मोठ्यानं वाचला.

वैद्य आतून आला. "बाई, बाहेर व्हा. पेशंट बसलेत."

"माझी बहीणपण तुमचीच पेशंट होती," मी म्हणाले. मग बायांकडं वळले. "गाठ कशाची हाय हे नुसतं हातानं दाबून कळत न्हाई. सुई घालून तपासून घ्यावं लागतं. अन् त्या सुईनं कॅन्सर पसरतो, हे खोटं हाय."

कोपऱ्यातली एक बाई उठली. "मलाबी हाय गाठ, ताई. कुठं जायचं सांगा." तिला मी त्याच दिवशी नांदेडला आणलं. कॅन्सरच निघाला, पण गाठ लहान होती. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत.

हे कानावर गेल्यावर दाजींचा फोन आला. "चार लोकांत आमची अब्रू घालवलीस."

"हाव," मी म्हणाले, "घालवली."

मग मी आरोग्य खात्याकडं लेखी तक्रार केली. दोन तक्रारींना उत्तरच आलं नाही. तिसरीनंतर चौकशी झाली आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र भलत्याच माणसाचं निघालं. दवाखान्याला सील ठोकलं त्या दिवशी मी रजा टाकून देगलूरला गेले आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. वैद्यानं मला ओळखलं आणि मान खाली घातली. त्यानं वर बघावं म्हणून मी बराच वेळ थांबले. त्यानं बघितलं नाही. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, आजही झालेलं नाही.