मागच्या सीटचे पट्टे

एका रविवारी रायापूरजवळ पुतण्याची गाडी लॉरीवर आदळली. पुतण्या आणि त्याची बायको पुढे होते. अक्का मागे होती. ते दोघं घरी आले. अक्का आली नाही.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. ती शाळेत शिवण शिकवायची, मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. विद्यानगरातल्या घरात खाली आम्ही दोघी आणि वर भावाचं कुटुंब, अशी वर्षं गेली. त्या दिवशी ती धारवाडला गेली होती आणि ते दोघं तिला घेऊन परत येत होते. लॉरी रस्त्याच्या कडेला बंद पडली होती, तिला मागे दिवा नव्हता. गाडी फार वेगात नव्हती म्हणतात. पुढच्या दोघांच्या छातीवर पट्ट्याचे वळ उठले. अक्का मागून पुढच्या सीटवर फेकली गेली. डॉक्टर मला समजावून सांगत होते आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण ते दोघं बरे आहेत ना?" गाडी एक, तर आतल्या माणसांचं जे व्हायचं तेही एकच, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक घेऊन बसते, उठते, खिडकीशी जाते, जिन्यात उभी राहून दोन पानं वाचते. कथा-कादंबऱ्या तर वाचवतच नाहीत. मी वाचते ते फक्त गाड्यांबद्दल. आयुष्यात कधी गाडी चालवली नाही, पण कोणत्या देशात गाडी कशी आपटून बघतात हे मला आता ठाऊक आहे.

पुतणी जर्मनीत असते. तिला फोनवर मी एकदा विचारलं, "तुमच्याकडं मागं बसणारे पट्टा लावतात?"

"आत्या, इथं टॅक्सीवाला गाडीच हलवत नाही. पोरांना तर बारा वर्षांपर्यंत वेगळी खुर्ची लागते, उंच असली तरच सुटका. पहिल्यांदा मी विसरले तर टॅक्सीवाल्यानं असं बघितलं, जणू मी अनवाणी आले होते."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढं वाचताना कळलं की प्रत्येक देशाच्या नियमामागं तिथल्या माणसांबद्दलचा एक अंदाज असतो. अमेरिकेत धरून चालले की पुष्कळ लोक पट्टा लावणारच नाहीत, म्हणून तिथली एअरबॅग पट्टा न लावलेल्या माणसालाही अडवेल अशी करावी लागली. युरोपात धरून चालले की माणूस पट्टा लावून बसला आहे. तिथं एअरबॅग पट्ट्याच्या मदतीला. गाडी तयार करण्याआधीच कोणीतरी बसून माणसाच्या हट्टाचा विचार केला होता. आपल्याकडं काय धरून चालले असतील, याचा शोध मी बरेच दिवस घेतला. आणि मग समजलं की मागच्यांनी पट्टा लावावा हा नियम आपल्याकडंही होता. अक्का गेली त्याच्या कितीतरी आधीपासून होता. गाडीत पट्टेही होते. ते सीटच्या कव्हराखाली होते.

हे आपल्या गावात कोणालाही सांगायला नको. गाडी आली की लिंबं चिरडायची, हार घालायचा आणि तिथून सरळ गोकुळ रोडला कव्हरं शिवायला न्यायची. शिवणारा मागच्या सीटची बक्कलं खाली ढकलतो आणि वरून कापड ताणतो. सीट सोफ्यासारखी दिसते. पुढचा पट्टा पोलिसांसाठी असतो. मागं पोलीस बघत नाहीत.

फिरायला गेले की मी उभ्या गाड्यांच्या मागच्या काचेतून आत डोकावू लागले. एकदा एका गाडीचा मालक बाहेर आला.

"एन हुडकाक्हत्तीरी अम्मा?" काय शोधताय, म्हणाला.

"बक्कल," मी म्हटलं.

त्यानं आधी माझ्याकडं, मग माझ्या हातांकडं बघितलं आणि गाडी कुलूपबंद आहे ना याची खात्री करून घेतली.

काही महिन्यांनी पुतण्यानं दुसऱ्याची वापरलेली गाडी घेतली. गोकुळ रोडला जाऊन आला. पिंगट रंगाची कव्हरं, कडेला पांढरी शिवण. सगळ्यांनी हात फिरवून बघितली. मी मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली. काही लागलं नाही.

"बक्कलं वर काढून घे रे," मी म्हटलं.

"होय की आत्या, पुढच्या आठवड्यात नेतो."

पुढचा आठवडा आला नाही. मी विचारलं की तो मान खाली घालून मोबाईल बघायचा. हळूहळू लक्षात आलं, मी 'पट्टा' म्हटलं की त्याला 'अक्का' ऐकू येतं. त्याला कोणी कधी काही म्हटलं नव्हतं. पण मी रोज तेच म्हणते आहे असं त्याला वाटत होतं. म्हणून मी गप्प बसले. गप्प बसले की घरातल्या घरात फेऱ्या वाढायच्या.

मग बेळगावला एका नात्यातल्या मुलीचा साखरपुडा आला. भाऊ पुढं, पुतण्या चालवणार. मागं वहिनी, सून, नऊ वर्षांची नात आणि मी. सगळे वर आवरत होते. मी खाली उतरले, अक्काची शिवणाची कात्री घेतली, गाडीचं दार उघडलं आणि सीटवर गुडघे टेकून कव्हर कापलं. बोटांनी चाचपून, बक्कल कुठं असेल त्याचा अंदाज घेऊन, तीन ठिकाणी. बक्कलं वर आली. त्यांना कारखान्यातला प्लॅस्टिकचा वास अजून होता. इतक्या वर्षांत ती कोणी वापरलीच नव्हती.

"अगं बाई!" वहिनी दारात उभी होती. "नवी कव्हरं ना गं ती!"

"तीन पट्टे आहेत," मी म्हटलं. "आणि आपण चौघी. मधला नुसता कमरेचा आहे. हीच गाडी बाहेरच्या देशात जाते तेव्हा मधलाही खांद्यावरून येतो."

"मग बाहेरच्या देशातनं जायचं का बेळगावला?" एव्हाना सगळ्यांबरोबर खाली आलेला भाऊ म्हणाला.

"मी मधे बसणार नाही," वहिनी म्हणाली. "पोटावर आवळलं की मला पित्त होतं."

"मी बसनं येते. माझ्या जागी नातीला पट्टा लावून बसवा," मी म्हटलं.

"बायकांना बस फुकट आहे म्हणून निघाली बघा!" वहिनी म्हणाली.

पुतण्या कापलेल्या कव्हराकडं बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आत्या, माझ्या गाडीत बसायचं नाही, हे सरळ सांग ना."

"तसं असतं तर कात्री कशाला आणली असती?"

तो गाडीला टेकून उभा राहिला. "निघताना मी आरशात बघितलं होतं," तो म्हणाला. "ती मधे सरकून बसली होती, आमच्याशी बोलायला. मला वाटलं, पट्टा लावायला सांगावं. आणि तो कुठं आहे हेच मला माहीत नव्हतं." त्याची बायको रडू लागली. मी कात्री पिशवीत ठेवली. त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला; ठेवला. तो हलला नाही.

मग त्यानंच लेकीला खिडकीशी बसवलं आणि पट्टा ओढून बक्कल लावलं. टक् असा आवाज झाला.

"आवळतंय," ती म्हणाली.

"आवळू दे."

मी बसनं गेले. धारवाडच्या पुढं जागा मिळाली. पुढच्या बाकाचा दांडा धरून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की इथं पट्टा कोणालाच नाही. पन्नास-साठ माणसं, त्यांची पोरं, टोपल्या, सगळं मोकळं. बस मोठी असते, जड असते, असं वाचलं होतं. तरी ब्रेक लागला की मी सगळ्यांच्या माना बघत होते. एक बाई शेंगा सोलत होती. तिनं मलाही दिल्या.

बेळगावच्या स्टँडवर पुतण्या न्यायला आला होता. "येताना अप्पा बसनं येणार," तो वडिलांबद्दल म्हणाला. "म्हणतात, मला मात्र तिकीट पडेल."

येताना भावाची पुढची जागा सुनेनं घेतली. मी मागं डावीकडं बसले, जुन्या गाडीत तिथं अक्का बसायची. वहिनी मधे, पदराखाली पट्टा सैल करून, कुरकुरत.

कापलेल्या कडा मी नंतर काजाच्या टाक्यांनी शिवून घेतल्या. अक्काच्या टाक्यांइतके ते सारखे नाहीत. अजून मला एका जागी फार वेळ बसवत नाही. पुतण्या रायापूरवरून जात नाही, बायपास घेतो. गाडी सुरू करण्याआधी तो मागं वळतो आणि विचारतो, "लागला?" आम्ही एकेक करून "लागला" म्हणतो. मग गाडी निघते.