शेकाट्यांचा थवा उठला

हरिश्चंद्र गुरवचा जीव एका कार्डात अडकलेला असे. बताका म्हणतात त्याला, कुवेतमध्ये राहण्याचं ओळखपत्र. ते जवळ नसताना सापडलं की थेट गावी रवानगी, असं अर्दियातल्या त्याच्या खोलीवरचे सगळे वेल्डर एकमेकांना सांगत. घाबरण्यात मात्र त्याचा हात कुणी धरला नसता.

पण दाभोळ खाडीच्या काठी वाढलेला हा माणूस किनाऱ्यावरचा पक्षी नुसत्या चालीवरून ओळखी. म्हणून कंपनीतले इंजिनियर सलील देव त्याला शुक्रवारी सकाळी आपल्या पक्षीमंडळाबरोबर जहऱ्याच्या पाणथळीवर नेत. दुर्बिणी सातजणांच्या गळ्यात, पण समोरचा तुतवार की चिखल्या, याचा निकाल हरिश्चंद्र देणार.

त्या शुक्रवारी रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली. हरिश्चंद्रने खिसा चाचपला. बताका खोलीवर, कामाच्या कपड्यांत राहिला होता. कुणाला काही न सांगता तो उंच गवताआड सरकला, तिथून आणखी पुढे गेला, आणि खाडीकाठचा असूनही चिखलात रुतला.

आधी गुडघे गेले, मग मांड्या. आडवं पडलं की चिखल सोडतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण दहा हातांवरच्या चिखलाच्या उंचवट्यावर लांब पायांच्या शेकाट्यांचा थवा चरत होता. जरा हललं की थवा उठणार आणि सगळ्या दुर्बिणी इकडे वळणार. तो तसाच उभा राहिला. भरतीचं पाणी कमरेला लागलं. गावाकडे असलेली लेक डोळ्यांसमोर आली, तरी त्याने हाक मारली नाही.

पाणी छातीशी आलं तेव्हा त्याने अंग झोकून दिलं. थवा कलकलाट करत उठला.

त्याला आधी पाहिलं ते पोलिसाने. तो सलीलची दुर्बीण डोळ्यांना लावून पक्षीच बघत होता. थांबला होता तोच मुळी त्यासाठी. बुटांसकट तो चिखलात पालथा पडून पुढे सरकला. सलीलनी पोलिसाचे पाय धरले, पोलिसाने हरिश्चंद्रचे हात.

काठावर येताच हरिश्चंद्र कापत म्हणाला, "सर, बताका रूमपे है."

पोलीस मोडक्या हिंदीत म्हणाला, "मैंने माँगा क्या?" आणि त्याने आपलं जॅकेट त्याच्या खांद्यावर टाकलं.

परतताना सलील फार रागावले. हाक का मारली नाहीस, असं त्यांनी दोनदा विचारलं. हरिश्चंद्रच्या मनात मात्र गावची लेक होती. मरणापेक्षा आपल्याला कार्डाची भीती जास्त वाटली, हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगायचं?