आठवं चॅनल

आमच्या मंजुषाला खुर्ची चावते. सिल्वासातल्या एका केबल कंपनीत मी तक्रारींचे फोन घेतो आणि ती मागची यंत्रं सांभाळते. सांभाळते म्हणजे त्यांच्याभोवती फेऱ्या घालते. "बाई, फरशी झिजेल," असं मी म्हणालो की शिरपूरची ती तिखट अहिराणी जीभ लगेच सुटते, "झिजू दे. फरशी कंपनीनी शे."

गेल्या दिवाळीत जवळच्या गलोंडा गावातल्या एका चाळीतून एकाच वेळी इतकी वेगवेगळी चॅनलं मागितली गेली की खांबावरचा डबा गुदमरला आणि अख्खं गाव दिवसभर टीव्हीविना बसलं. शिव्या मी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मंजुषानं त्या चाळीच्या पोर्टवर, म्हणजे तिकडे जाणाऱ्या तारेच्या जोडावर, मर्यादा घातली. एका वेळी आठ चॅनलं, बस्स. एकच चॅनल चाळीस खोल्यांनी पाहिलं तरी ते एकच धरायचं, पण नववं कोणी मागितलं की पडदा काळा. आमच्या साहेबांनी, विशालसरांनी, दोनदा सांगूनही तिनं आठाचे नऊ केले नाहीत.

परवाच्या रविवारी साडेतीनला भिमाबाईचा फोन आला. फोन स्पीकरवरच असतो, या वेळी मंजुषानं उचलला.

"ताई, मनी पोर चारले खेयनार शे, नि मना टीव्ही काया पडी गया!"

ही बाई त्याच चाळीत राहते आणि प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला जाते. तिची पोरगी खो-खोच्या अंतिम सामन्यात उतरणार होती, आणि तो दाखवणारं चॅनल चाळीत दुसरं कुणीच लावलेलं नव्हतं. म्हणजे शेजारी जाऊन पाहायचीही सोय नाही.

आठातलं एक सुटल्याशिवाय इलाज नव्हता. मर्यादा वाढवावी तर रविवारची गर्दी, डबा पुन्हा बसला तर सामनाच गेला. कुणाचा टीव्ही न विचारता तोडायचा नाही, म्हणून मंजुषानं चाळीतले नंबर फिरवायला घेतले. एक हात फोनवर, दुसऱ्या हातात पेन, टकटक टकटक. माझं डोकं उठलं. चाळीतला चिंधा बाजारात होता आणि त्याच्या बंद खोलीत टीव्ही चालू होता. त्याला तिनं असा झाडला की मीच खुर्चीत आक्रसलो.

"घरमा कोनी नही नि टीव्ही चालू? लाज वाटस का नही?"

बिचाऱ्यानं बायकोला पाठवून तो बंद करवला. पण तेच चॅनल आणखी तीन खोल्यांत चालू होतं, त्यामुळे काहीच सुटलं नाही. चारला सात मिनिटं कमी होती. शेवटी तिनं, जे आधी करायला हवं होतं ते केलं. कुठलं चॅनल किती खोल्यांत चालू आहे, याची यादी काढली. सात चॅनलांना बरेच धनी होते. आठवं एकाच खोलीत चालू होतं, सात नंबरच्या.

मंजुषाचं पेन थांबलं. मी यादीत डोकावलो. दोन महिन्यांपूर्वी सात नंबरची खोली तिनंच भाड्यानं घेतली होती.

"कुलूप काढलं की आत कुणीतरी बोलत असावं लागतं मला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मला वाईट वाटलं. तिनं इथूनच आपल्या टीव्हीचं कनेक्शन तोडलं.

पाचला भिमाबाईचा फोन पुन्हा आला. पोरीचा संघ हरला होता, पण पोरगी दिसली होती, पळताना, पडताना, पुन्हा उठताना. बाई हसत होती की रडत होती कळेना.

"मनासाठे कोनी बंद करा वं टीव्ही? मी जाई भेटसू त्यास्ले."

"सात नंबरवाल्यास्नी," मंजुषा म्हणाली.

"सात नंबर? ते तर मनी भिंतीमांगेच शेतस! दारं दोन अंगले, म्हनीसन तोंडं दखायनी नहीत. पन दिवसभर बोलनं चालू ऱ्हास. माले वाटे, भरेल घर शे, आपन कशाले जावो?"

मंजुषा फोनपाशी वाकली. "मावशी, तठे कोनी नही. मी एकटीच ऱ्हास."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग भिमाबाईनं हळूच विचारलं,

"मंग परवा रडनं आयकू ये, ते टीव्हीमा नव्हतं का, माय?"