सासूबाईंची पहिली मॅच
मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या की चुन्याचा कोरडा वास येतो आणि मला सासूबाईंची पहिली मॅच आठवते. त्या चंदगडकडच्या, फुटबॉल त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. शहाऐंशीच्या जूनमध्ये शेजाऱ्यांच्या टीव्हीवर वर्ल्डकप पाहिला आणि त्या पार खुळावल्या. "चार दिवसांचं याड हाय," सासरे हसले. पण सहा महिन्यांनी कोल्हापुरात पेठांच्या मॅचेस सुरू झाल्या, तेव्हा नऊवारी सावरत त्या मला म्हणाल्या, "चल गं, म्होरं बसून बघू या." गॅलरीत सगळे पुरुष, शिट्ट्या, भुईमुगाची टरफलं. "मावशी, हितं कुठं आलायसा?" एकानं विचारलं. "तू कशाला आलायस? त्यालाच," त्या म्हणाल्या. मी लाजून मान खाली घातली. शेवटची मिनिटं, बरोबरी, आणि त्या एकदम उभ्या राहून ओरडल्या, "आरं, डावीकडं त्यो एकटाच हाय की!" एवढ्या गलक्यात त्यांचा आवाज खाली पोचणं शक्यच नव्हतं, पण पुढच्याच क्षणी बॉल डावीकडं गेला आणि गोल झाला. आम्हा कुणालाच न दिसलेलं त्यांना दिसलं होतं. मघाचाच माणूस सरकला, खांद्यावरचा टॉवेल पायरीवर अंथरून म्हणाला, "बसा मावशी." त्यानंतर त्यांनी एकही हंगाम चुकवला नाही. पुढच्या वर्ल्डकपला घरात टीव्ही होता, पण त्या दहा मिनिटांतच उठल्या. "ह्यात नुसता बॉल दिसतोय, मैदान न्हाय," म्हणाल्या. आता मीही बॉल सोडून रिकाम्या जागा शोधते, पण त्यांच्याइतक्या लवकर त्या मला अजून दिसत नाहीत.