मनगटावरची नाडी

लग्नात माझ्या बापाने जावयाला घड्याळ दिलं आणि तेव्हापासून आमच्या शेणव्यातल्या घरात वेळ फक्त यांच्याच मालकीची झाली. हे आसनगावहून कल्याणला नोकरीला जायचे. घोटभर चहासुद्धा टाइम बघून प्यायचे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला डोळखांबला निघायचं, आणि नेमका आदल्या संध्याकाळी घामाने कुजलेला घड्याळाचा चामडी पट्टा तुटला. शहापूरला जाऊन नवा आणायला आता सवड नव्हती.

"सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ हातात नाय दिसलं, तर काय इज्जत ऱ्हाईल माजी?" हे हिरमुसले.

घरात मनगटावर शोभेल अशी दोरी एकच होती, माझ्या नव्या परकराची काळी नाडी. ती काढली, परकर सुतळीने बांधला. नाडीचे तीन पदर करून घट्ट वेणी घातली, ती घड्याळात ओवली आणि बक्कल नसल्याने सकाळी निघताना यांच्या मनगटावरच गाठ मारली.

"सुती हाय, भिजवू नका. आवळंल."

"मला शिकवू नको गो."

मांडवात यांचा डावा हात सारखा केसांवरून फिरत होता. मुरबाडच्या साडूंनी अखेर विचारलंच, "पट्टा कुठला वो?"

"मुंबईचा. तिकडं हल्ली हीच फॅशन हाय."

मी शेजारीच भात वाढत होते. पातेलं हातातून निसटता निसटता राहिलं.

पंगतीला बसण्याआधी हे ऐटीत कोपरापर्यंत हात धुवून आले होते. दुसरा भात येईपर्यंत पट्टा मनगटात रुतला, पंजा टम्म सुजला. गाठ कोणालाच सुटेना. माझी आई कात्री घेऊन धावली, वाकून बघितलं आणि ओरडली, "अगो बाय, ही तर परकराची नाडी!"

अख्खी पंगत हसली. साडू गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मुंबईत पुरुष परकर पण घालतात का वो?"

आईने नाडी कापली. परतताना एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले. मधेच म्हणाले, "तू नीट सांगाया पायजे व्हतं." मी पदराआडून कमरेला काचणारी सुतळी सैल करत होते.

पुढच्या महिन्यात साडूंनी तसाच पट्टा करून मागितला. मी बक्कल लावून दिला. तो त्यांनी बरीच वर्षं वापरला. कोणी विचारलं, की हे अजूनही सांगतात, "आयडिया माझी."