चार शून्यं आणि पुढचा ब्लॉक

गोव्यातल्या मुळगावची ती केस मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही. पोलीस खात्यातून माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सकाळी साडेसहाला खनिजाच्या ट्रकने एका शिक्षिकेच्या स्कूटरला उडवलं आणि ट्रक पळाला. खनिजाचे ट्रक जिथे उभे राहतात त्या यार्डाचा सुपरवायझर स्वतःहून शिक्क्याचा कागद घेऊन ठाण्यात आला. यार्डाच्या संगणकातल्या नोंदीनुसार त्या वेळी एकच ट्रक बाहेर होता, असं त्यात होतं. मी त्याच्या चालकाला, सिंधुदुर्गातल्या एका गरीब माणसाला, अटक केली.

"सायबानू, माजी गाडी हललीच नाय," तो हात जोडून म्हणाला. "लायसन गेला तर घरातल्यांनी खावचा काय?"

तिसऱ्या दिवशी सायकलवरून पाव विकणारा पोदेर आला. "सायबा, हांव साडेसहांक पाव घेवन गेल्लों तेन्ना त्या ड्रायव्हराची गाडी यार्डांतच आसली."

सुपरवायझरला बोलावलं. तो हसला. "साहेब, आमची नोंद ब्लॉकचेनवर आसा. पोदेर सांगता म्हणून ती बदलतली? हॅश पळयात, सुरवातीक चार शून्यां आसात." त्याने कागदावरची अक्षर-आकड्यांची लांब ओळ दाखवली.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सायबर कक्षातली महिला हवालदार म्हणाली, "सर, ब्लॉकचेन म्हणजे नोंदींच्या ब्लॉकांची साखळी. प्रत्येक ब्लॉकात नोंदीबरोबर नॉन्स नावाचा आकडा असतो. त्या दोन्हींतून संगणक जी खूण काढतो, तो हॅश. हॅश चार शून्यांनी सुरू होईपर्यंत संगणक नॉन्स बदलत राहतो. नोंद बदलली की शून्यं जातात. नवा नॉन्स शोधला की परत येतात."

"मग चोर सुटला की!"

"नाही सर. शून्यं येतात, पण हॅश वेगळाच येतो. जुना हॅश पुढच्या ब्लॉकात आधीच लिहिलेला असतो."

आमच्याकडे कचेरीत एक शिक्क्याचा कागद दाखवला की काम होतं. त्याच सवयीने सुपरवायझरने तेवढाच ब्लॉक दुरुस्त केला होता. पंचांना घेऊन यार्डात गेलो आणि म्हणालो, "पुढचा ब्लॉक उघड." दोन हॅश जुळेनात. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अर्ध्या तासात त्याने स्वतःच्या भाच्याचं नाव सांगितलं. भाच्याच्या ट्रकच्या बंपरवर स्कूटरचा लाल रंग मिळाला, पंचनामा झाला. इतका आनंद मला कुठल्या पदकानेही झाला नव्हता.

चालकाच्या हातात लायसन्स मीच दिलं. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला धरून उभं केलं. खोटं बोलणारा आपण बघणार तेवढीच जागा सारवतो, म्हणून शेजारची नोंद आधी बघावी, हे मी त्या दिवशी शिकलो. पण तीन दिवस तो कोठडीत होता, कारण मी माणसाचं न ऐकता कागदाचं ऐकलं. त्याची माफी मी भर ठाण्यात, सगळ्यांसमोर मागितली.