कारण विचारणारे डॉक्टर

चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "हं, मग?" समोरचा बोलून थकला तरी डॉक्टरांचं "हं, मग?" थकायचं नाही. रत्नागिरीतल्या त्यांच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं केसपेपर काढले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

तुम्हीही पाहिलं असेल, मुलाला मुलगी आवडली तर का आवडली म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. मुलाला मुलगाच आवडला की सगळं घर कारणं शोधायला लागतं. हॉस्टेल, मोबाईल, साडेसाती! देवरूखकडची एक आई मुलाला बाहेर बसवून म्हणाली, "ह्याचे वडील मुंबईला. हा आम्हा बायकांत वाढला, म्हणून असा झाला."

"हं, मग? ह्याचा धाकटा भाऊ कुठे वाढला?"

"घरातच की. त्याचं लग्न ठरलंय."

"अहो, बाप मुंबईला असल्यानं असं होत असतं, तर अर्ध्या तालुक्यात लग्नंच लागली नसती!"

ती रडता रडता हसली. मग औषधाचं विचारलं.

"त्याला भीती वाटते, जेवण जात नाही, त्यावर बोलू आपण. आवडण्यावर औषध नाही, आणि लागतही नाही."

दुपारच्या चहाला मात्र डॉक्टरांचं स्वतःचं कुतूहल मोकाट सुटायचं. जनुकं, गर्भातली संप्रेरकं, थोरले भाऊ बरेच असले की धाकट्याला मुलगे आवडायची शक्यता वाढते म्हणे, असं नवीन काही वाचलं की मला सांगायचे. मी म्हणायचे, "आमच्या वाडीत एका घरात पाच भाऊ. पाचही जण बायकांशी भांडतायत." ते खूश व्हायचे. "म्हणजे नक्की अजून कुणालाच माहीत नाही!"

एकदा मी वैतागून विचारलं, "समजा कळलंच कारण, तर करणार काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मला एकदा कळलं होतं, बाई. तिथेच घात झाला."

तरुणपणी त्यांनी पुस्तकात वाचलं होतं : बाप लांब, आई फार जवळ, म्हणून मुलगा असा. चिपळूणच्या एका कॉलेजातल्या मुलाला त्यांनी आवड मोडावी म्हणून तरुण पुरुषांचे फोटो दाखवत मळमळ आणणारं औषध दिलं आणि त्याच्या आईला बजावलं, "तुमच्या लाडानंच हे झालं." मुलाची आवड काही बदलली नाही. तो फक्त बोलेनासा झाला.

"मरायच्या आधी त्याची माफी मागायचीय. तुम्ही बरोबर चला. एकटा गेलो तर अर्ध्या वाटेवरून परत येईन."

पत्ता मिळायला चार महिने गेले. दार त्यानेच उघडलं. पन्नाशीचा, केस पिकलेले. डॉक्टरांना ओळखलं आणि त्याचा हात कडीवरच राहिला.

"तुझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं," डॉक्टर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "माझं चुकलं. माफ कर."

तो कडी सोडून बाजूला झाला. "मला ते कधीच कळलंय. आत आईला सांगा."

आत खाटेवर ऐंशी ओलांडलेली म्हातारी, कानानं अधू. डॉक्टर जमिनीवर बसले आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आई, तुमच्या लाडानं काही झालं नव्हतं! मी चुकीचं सांगितलं!"

तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या मुलाकडे.

"त्या दिवसापासून मी ह्याला कधी जवळ नाय घेतला हो," ती म्हणाली.